गुलमर्गला मुलांसह स्कीइंग: मुक्काम कुठे करावा?

श्रीनगरात स्वस्त खोली घेऊन रोज गुलमर्गला जाऊ, हा बेत कागदावरच बरा. अंतर पन्नासेक किलोमीटर; पण बर्फ पडला की तंगमर्गपासून वरचा सुमारे १३ किलोमीटरचा घाट चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीनेच चढावा लागतो. मुलं तिथवर पोचेपर्यंतच कंटाळतात. म्हणून राहावं वरच, २,६५० मीटरवर, आणि तेही नवशिक्यांच्या सौम्य उतारांपासून चालत जाता येईल असं. गोंडोला या रोपवेचा दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर ३,९०० मीटरच्या पुढे नेतो. तिथे शिकाऊ मुलांचं काम नाही. खोली ठरवताना आधी विचारावं: रात्रभर हीटर चालतो का, वीज गेली तर जनरेटर आहे का? जेवणघरात ओले मोजे वाळवायला बुखारी, म्हणजे काश्मिरी शेगडी, असेल, तर खिडकीतून डोंगर नाही दिसला तरी चालेल.