गालात थैल्या, जमिनीत पेव

बालाघाटच्या पठारावर, बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या बाजूला मांजरा नदी उगम पावते आणि रब्बीची ज्वारी पिकते. ही ज्वारी ठेवायला मराठवाड्यात पूर्वी पेव असायचं. जमिनीत खोल खड्डा, आतून कडब्याचं अस्तर, तोंडावर दगड ठेवून माती लिंपलेली. वर वैशाख भाजून काढत असला तरी खाली दाणा गारच.

नेमकी हीच युक्ती शंभर-सव्वाशे ग्रॅम वजनाच्या एका प्राण्याला उपजत ठाऊक आहे. हॅमस्टर! जर्मन भाषेत साठेबाजीचं क्रियापदच या प्राण्याच्या नावावरून आलंय. त्याच्या दोन्ही गालांत खांद्यापर्यंत पोचणाऱ्या थैल्या असतात. त्यात दाणे कोंबायचे, बिळात जाऊन रिते करायचे, पुन्हा यायचं.

पाळीव सोनेरी हॅमस्टरचं माहेर म्हणजे सीरिया-तुर्कस्तान सीमेवरची शेतं. तिथली बिळं सरासरी दोन फुटांहून खोल निघाली. रानातल्या माद्यांवर नजर ठेवली तर आणखी नवल! पिंजऱ्यात रात्रभर पळणारा हा जीव तिथे चक्क दिवसा बाहेर पडतो, तेही सकाळी आणि ऊन कलल्यावर, दिवसाकाठी जेमतेम तासभर. उरलेला सगळा वेळ जमिनीखाली.

म्हणून हॅमस्टर पाळताना ‘घरात ठेवू की अंगणात?’ असा प्रश्न पडला, तर त्याचं उत्तर मला तरी सोपं वाटतं. त्याला पेव द्या. मोठ्या, हवेशीर पेटीत निदान वीतभर जाडीचा थर घाला, कागदाच्या बारीक पट्ट्यांचा किंवा वाळलेल्या स्वच्छ गवताचा. कापूस मात्र नको. बीड जिल्ह्यात तो घरोघरी असतो आणि मऊ म्हणून हात आधी त्याकडेच जातो. पण त्याचे धागे पायाला गुंडाळून रक्त थांबतं, पोटात गेले तर आतडं तुंबतं. गूळ-चिक्कीही नको, गालाच्या थैलीत चिकटून बसते. ज्वारी-बाजरीचे चार दाणे मात्र खुशाल द्या. आणि एका पेटीत एकच. सोनेरी हॅमस्टरला शेजारी खपत नाही, दोघे मोठे झाले की रक्त निघेपर्यंत भांडतात.

पेटी लाकडाची असेल तर एक जुनी गोष्ट ऐका. 1930 साली इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पोजवळचं शेत खणवून एक मादी आणि अकरा पिल्लं मिळवली. जेरुसलेमला आणल्यावर त्यातली पाच लाकडी पिंजरा कुरतडून पसार झाली. उरलेल्या मोजक्या पिल्लांपासून आज जगभर दिसणारे बहुतेक सगळे पाळीव सोनेरी हॅमस्टर आले! त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, तेव्हा कुरतडणं हा खोडसाळपणा नव्हे. कुरतडायला काडी-लाकूड ठेवाच, फक्त भिंत लाकडाची नको.

खरा शत्रू उन्हाळा. हॅमस्टरला घाम येत नाही. तापमानाने तिशी ओलांडली की जीव धोक्यात, आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालची दुपार कुठवर जाते हे पाटोदेकरांना सांगायला नको. पेटी पत्र्यापासून दूर, माठाशेजारच्या गार कोपऱ्यात जमिनीवर ठेवा. आत शहाबादी फरशीचा तुकडा टाका, तो त्यावर पोट टेकून पसरेल. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवा. कूलरचा झोत अंगावर नको.

अंगणात मोकळं सोडणं मला पटत नाही. बोका आहे, मुंगूस आहे, वर घार आहे. शेजारच्या घरात उंदरांसाठी ठेवलेली विषारी गोळी तर हॅमस्टर गालात भरून घरी घेऊन येईल. हवा दाखवायचीच असेल तर संध्याकाळी, झाकणाच्या पेटीत, सावलीत, आणि तुम्ही जवळ बसून.

हिवाळ्यातली गंमत वेगळीच. कडाक्याच्या थंडीत, दाणापाणी कमी पडलं की हॅमस्टर गारठून निपचित पडू शकतो. अंग थंड, श्वास दिसेनासा. घरातली मुलं रडू लागतात, कुणी खड्डा खणायला निघतं. थांबा, तो मेलेला नसेलही. त्याला ओंजळीत घ्या, हळूहळू ऊब द्या आणि मिशांकडे पाहत राहा. धीर धरलात तर एखादी मिशी थरथरेल.