नदीकडून सुरुवात करा : न्यू ऑर्लिन्सची कॉफी आणि गोडधोड

बंदर आणि भटारखाना : लेखांक आठवा

चार्ल्स्टनच्या भातशेतीमागे पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचं ज्ञान होतं, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. या आठवड्यात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आणखी एका जुन्या बंदरात, न्यू ऑर्लिन्सला, आणि प्रश्न तुलनेने हलका : इथे चांगली कॉफी कुठे प्यावी, गोड काय खावं? प्रवासी पुस्तकांचं उत्तर ठरलेलं असतं. शहर फ्रेंचांनी वसवलं, तेव्हा फ्रेंच क्वार्टरमध्ये जा. 1718 साली फ्रेंचांनी ते वसवलं हे खरंच आहे. पण पुढे सुमारे चार दशकं तिथे स्पेनचा अंमल होता, 1788 आणि 1794 च्या आगींनंतर या ‘फ्रेंच’ वस्तीची पुनर्बांधणी झाली तीही स्पॅनिश राजवटीतच, आणि 1803 मध्ये सगळा प्रदेश अमेरिकेने विकत घेतला. नुसत्या ‘फ्रेंच’ या शिक्क्याने या शहराच्या कपबशीतलं फारसं काही उलगडत नाही. मिसिसिपीच्या धक्क्यावर कोणता माल उतरला आणि तो कोणाच्या हातात पडला, हे विचारलं की मात्र पत्ते आपोआप सापडत जातात.

कॉफीपासून पाहू. फ्रेंच मार्केट हा जुना बाजार नदीच्या बांधाला लागून आहे. हमाल, खाटीक, मासळीवाले, भाजी घेऊन आलेले शेतकरी यांचा दिवस मध्यरात्रीनंतर केव्हाही सुरू व्हायचा, आणि त्यांच्यासाठी बाजारातच कॉफीच्या टपऱ्या उभ्या राहिल्या. 19व्या शतकाच्या पूर्वार्धात रोझ निको ही गुलाम स्त्री इथे कॉफी विकत असे. त्या कमाईतून तिने स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं, असं शहराचा इतिहास सांगतो. याच बाजारात 1862 मध्ये ‘कॅफे दु मोंद’ आणि 1870 मध्ये ‘मॉर्निंग कॉल’ सुरू झालं. ‘मॉर्निंग कॉल’ने 1974 मध्ये बाजार सोडला, ‘कॅफे दु मोंद’ अजून तिथेच आहे. ते कित्येक दशकं चोवीस तास उघडं असायचं, ही पर्यटकांसाठी काढलेली टूम नव्हती, बाजाराच्या पाळ्यांमधून आलेली सवय होती. पदार्थांची यादीही तशीच आखूड : निम्मी कॉफी आणि निम्मं गरम दूध, सोबत तीन बेन्ये. आंबवलेल्या कणकेचे चौकोनी तुकडे तळायचे आणि वरून पिठीसाखर अक्षरशः ओतायची. काम करणाऱ्या माणसाला उभ्याउभ्या पोटभरीचं, गरम आणि स्वस्त खाणं हवं होतं. फ्रेंच घरांतल्या तळणाला या बाजाराने रोजचा नाश्ता केलं.

या कॉफीत चिकोरी असते. तिची लोकप्रिय कथा अशी : अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराने बंदराची कोंडी केली, कॉफी मिळेना, म्हणून लोक चिकोरीच्या भाजलेल्या मुळांकडे वळले. कथा अर्धी खरी आहे. कोंडी 1861 मध्ये सुरू झाली आणि 1862 च्या वसंतात शहरच उत्तरेच्या ताब्यात गेलं. जेमतेम वर्षभराच्या टंचाईने दीडशे वर्षांची सवय लागत नाही. नेपोलियनने ब्रिटनविरुद्ध व्यापारबंदी केली, तेव्हापासून फ्रान्समध्ये चिकोरी रुळली होती आणि फ्रेंच वळणाच्या या शहराला ती ठाऊक होती. टंचाई संपल्यावरही ती टिकली, याचं कारण चवीत आहे. भाजल्यावर मुळातल्या इन्युलिनला जळक्या साखरेसारखा गडद, कडवट स्वाद येतो. तिच्यात कॅफिन नसतं, पण बरोबरीचं दूध घातलं तरी न दबणारा दाटपणा ती कॉफीला देते. जोडीला साखरेने माखलेलं तळण असेल, तर हा कडूपणा हवाच.

यावर नव्या पिढीचे कॉफीशौकीन म्हणतील की चिकोरी ही शेवटी भेसळच. आपल्याकडेही हा संशय जुना आहे. म्हणून तर भारतीय नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान 51 टक्के कॉफी असावी लागते आणि चिकोरीचं प्रमाण वेष्टनावर छापावं लागतं. पण भेसळीत मुख्य गोष्ट असते ती लपवाछपवी. न्यू ऑर्लिन्समध्ये डब्यावर ‘चिकोरीसह’ असं ठळक छापून कॉफी विकली जाते. इतकंच कशाला, एकाच मळ्यातल्या कॉफीबियांचं कौतुक करणारी कॅलिफोर्नियातली ‘ब्लू बॉटल’ कंपनीही चिकोरी घातलेली थंड कॉफी न्यू ऑर्लिन्सच्या नावाने विकते. शुद्ध बियांची पारख करायची असेल तर शहरात नवी रोस्टर-कॅफे आहेत, तिथे खुशाल जावं. मात्र तशी कॉफी आता जगातल्या कुठल्याही मोठ्या शहरात मिळते, चिकोरीची ही परंपरा अमेरिकेत खास इथलीच.

आता साखर. 1795 मध्ये एत्येन द बोरे या मळेवाल्याने शहराजवळच्या आपल्या मळ्यावर दाणेदार साखर पाडून दाखवली आणि लुइझियानात उसाची लाट आली. तेव्हा रस उघड्या कढयांच्या रांगेत आटवत. गुलाम माणसं उकळता रस पळ्यांनी एका कढईतून दुसरीत ओतत, भाजत, प्रसंगी मरतही. न्यू ऑर्लिन्समध्येच 1806 साली जन्मलेल्या नॉर्बेर रिल्यो या मुक्त कृष्णवर्णीय अभियंत्याने 1843 मध्ये यावर उपाय पेटंट केला. बंद भांड्यांची मालिका, आत कमी दाब, आणि एका भांड्यातली वाफ पुढच्या भांड्याला तापवणार. इंधन वाचलं, साखर सुधारली. सांगली-कोल्हापूरपासून नगरपर्यंतच्या साखर कारखान्यांत रस आजही याच तत्त्वावर आटतो. तेव्हा न्यू ऑर्लिन्सची मिठाई आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

साखर मुबलक झाल्यावर तिचं काय झालं, ते प्रॉलीनमध्ये दिसतं. फ्रान्समध्ये हा पदार्थ बदामांचा आणि कडक. इथे बदामांच्या जागी स्थानिक पेकान आलं, पाकात साय-दूध पडलं, आणि चिक्कीऐवजी आपल्या वडीच्या जवळ जाणारा, तोंडात विरघळणारा प्रकार तयार झाला. तो रस्तोरस्ती विकला तो मुख्यतः कृष्णवर्णीय स्त्रियांनी. चांगल्या पेकानची खात्रीने लागवड करता येऊ लागली त्याचं श्रेयही अंत्वान नावाच्या गुलाम माळ्याला जातं. 1846-47 च्या सुमारास ओक अ‍ॅली मळ्यावर त्याने पेकानची यशस्वी कलमं बांधली. रविवारच्या चर्चमधल्या प्रार्थनेनंतर लोक रस्त्यावर घेत ते कालास हे आंबवलेल्या शिजल्या भाताचे तळलेले गोळेही अशाच विक्रेतींचे. स्पॅनिश कायद्यात गुलामाला पैसे भरून स्वतःची सुटका करून घेता येत असे. त्यामुळे डोक्यावरच्या टोपलीतला हा पदार्थ काहींसाठी स्वातंत्र्याचा हप्ताही होता.

कोणी म्हणेल, गोड खाताना गुलामगिरीची आठवण कशाला? आक्षेप स्वाभाविक आहे, पण तो मान्य केला तर पाककृतीच अर्धी कळते. बदाम जाऊन पेकान का आलं, तळणात भात कुठून आला, मिठाई दुकानाआधी रस्त्यावर का विकली गेली, यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘फ्रेंच वारसा’ या दोन शब्दांत मिळत नाही. याचा व्यावहारिक फायदाही आहे : प्रॉलीन घ्यायचं तर चकचकीत खोक्यांच्या दुकानापेक्षा जिथे डोळ्यांदेखत पाक घोटून संगमरवरावर ओततात तिथे घ्यावं, कारण हा ताजेपणाचा पदार्थ आहे.

पुढची जहाजं वेगळी माणसं घेऊन आली. 19व्या शतकाच्या अखेरीस सिसिलीहून हजारो लोक आले. त्यांतल्या अँजेलो ब्रोकातोने 1905 मध्ये आइस्क्रीमचं दुकान काढलं. आज ते नॉर्थ कॅरोल्टन अ‍ॅव्हेन्यूवर आहे, लिंबाचा ग्रानिता आणि ताजं भरलेलं कनोली ही तिथली खासियत. 2005 च्या कट्रिना वादळात ते बुडालं, पुढच्या वर्षी पुन्हा उघडलं. त्यांच्या फ्रेंच क्वार्टरमधल्या जुन्या जागेत आता ‘क्रॉसाँ द’ऑर’ ही फ्रेंच पेस्ट्रीची बेकरी आहे. म्हणजे पर्यटक ज्याला अस्सल फ्रेंच कोपरा समजतो, तो सिसिलीच्या आइस्क्रीमवाल्याचा होता. मध्य अमेरिकेची केळी याच बंदरात उतरत. 1951 मध्ये ‘ब्रेनन्स’ रेस्टॉरंटने लोणी, ब्राऊन शुगर आणि रम यांत पेटवलेली केळी आइस्क्रीमवर घालून ‘बनानाज फॉस्टर’ घडवलं, ते त्या केळ्यांच्याच जोरावर. 1975 नंतर व्हिएतनामी निर्वासित शहराच्या पूर्व भागात वसले. त्यांना ‘कॅफे दु मोंद’च्या चिकोरीमिश्रित डब्यात कंडेन्स्ड मिल्कला तोलणारी कॉफी सापडली, आणि अमेरिकाभरच्या व्हिएतनामी उपाहारगृहांत तो पिवळा डबा पोचला. त्यांच्यातल्याच एका कुटुंबाने 1982 मध्ये ‘डाँग फुआँग’ बेकरी सुरू केली. कार्निव्हलच्या दिवसांत तिच्या किंग केकसाठी आज झुंबड उडते.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. साखर, कॉफी आणि स्थलांतरित इतर बंदरांतही उतरले, मग हे सगळं इथेच का जमलं? कबूल करायला हवं की बंदर सामग्री देतं, पदार्थाला निमित्त दुसरीकडून लागतं. इथे ते कॅथलिक पंचांगाने दिलं : रविवारचे कालास, 6 जानेवारीपासून उपवासाच्या आदल्या मंगळवारपर्यंत किंग केक, 19 मार्चला सेंट जोसेफच्या सिसिलियन वेदींवरच्या कुकीज. पण पंचांगाने फक्त दिवस ठरवला. त्या दिवशी ताटात काय येईल, ते धक्क्यावर उतरलेला माल आणि माणसंच ठरवत राहिली. नाहीतर फ्रेंच परंपरेचा केक व्हिएतनामी बेकरीत विकत घ्यायला रांग लागली नसती.

तेव्हा बेत असा आखावा. गर्दी असली तरी सकाळ नदीकाठच्या बाजारात, कारण जागा पर्यटकांची झाली म्हणून खोटी ठरत नाही. दुपारी ट्रामने कॅरोल्टनला ग्रानितासाठी. आणि गाडी मिळाली तर शेफ मेंट्योर हायवेने पूर्वेकडे, ‘डाँग फुआँग’ला. फक्त क्वार्टरमध्ये फिरणाऱ्याला या शहराच्या गोडाची पहिली काही प्रकरणं चाखायला मिळतात, नवीन प्रकरण तिथून काही मैलांवर भाजलं जातं. पुढच्या लेखांकात मेक्सिकोच्या आखाताच्या पलीकडे, व्हेराक्रूझला.