अस्थिमांसकर्क
अस्थिमांसकर्क : अस्थिजनक कोशिकांपासून उद्भवणारे मारक अर्बुद. हाडातच मूळ असणाऱ्या मारक अर्बुदांत, अस्थिमज्जेतील अर्बुदे वगळल्यास, हे सर्वाधिक आढळते. १० ते २० वर्षे या उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात, विशेषतः मुलग्यांत, त्याचे प्रमाण जास्त असते. निम्म्याहून अधिक अर्बुदे गुडघ्यालगत, म्हणजे मांडीच्या हाडाच्या खालच्या अथवा नडगीच्या वरच्या टोकाशी होतात. उतारवयात पॅजेट रोगाने विकृत झालेल्या किंवा पूर्वी प्रारण चिकित्सा दिलेल्या हाडातही तो उद्भवतो.

वेदना हे पहिले लक्षण होय. खेळताना लागलेल्या मारामुळे दुखण्याकडे लक्ष वेधले जाते. मार हे रोगाचे कारण नव्हे. मुका मार समजून चोळण्या-शेकण्यात बहुमोल आठवडे जातात. झोपमोड करणारी वेदना व वाढती सूज असल्यास क्ष-किरण चित्रण विनाविलंब करावे. निश्चित निदान जीवोतक परीक्षेने होते. त्यासाठीचा छेद पुढील शस्त्रक्रियेच्या रेषेतच घ्यावा लागतो; तो भलत्या जागी घेतल्यास वाचू शकणारा अवयवही गमवावा लागतो. म्हणून अंतिम शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाकडेच हे काम असणे इष्ट.

१९७० पूर्वी अंगच्छेदन हाच उपाय होता आणि तो वेळेवर होऊनही सु. ८० टक्के रुग्ण फुप्फुसांतील दुय्यम अर्बुदांमुळे दगावत. निदानाच्या वेळीच तेथे सूक्ष्म, क्ष-किरणांना न दिसणारी बीजे पोहोचलेली असत. १९७०–८० या दशकात मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेट व डॉक्सोरुबिसीन यांचा वापर सुरू झाला. तरीही सुधारणेचे श्रेय औषधांना द्यावे की नाही, याविषयी वाद होता. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील यादृच्छिक चाचणीने तो मिटविला : दोन वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण केवळ शस्त्रक्रिया केलेल्या गटात १७ टक्के, तर रासायनी चिकित्साही दिलेल्या गटात ६६ टक्के होते.

हल्ली औषधे शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर अशी दोन टप्प्यांत देतात. काढलेल्या अर्बुदातील ९० टक्के वा अधिक भाग मृत आढळल्यास भवितव्य चांगले समजतात. प्रतिसाद अपुरा असल्यास औषधे वाढविण्याचा प्रयोग मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत फलदायी ठरला नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात मेथोट्रेक्सेटविरहित योजना वापरात आहे. मेथोट्रेक्सेटची रक्तातील पातळी वारंवार मोजणे सर्वत्र शक्य नसल्याने ही बाब भारतात महत्त्वाची ठरते. प्रारणांना हे अर्बुद फारशी दाद देत नाही. यूइंग अर्बुद मात्र देते.

बहुसंख्य रुग्णांत आता रोगट हाड काढून धातूचा कृत्रिम सांधा बसविता येतो. अर्बुदाभोवतीचा निरोगी भाग पुरेसा काढला गेल्यास यामुळे आयुर्मर्यादा घटत नाही. वाढत्या मुलांत लांबविता येणारे सांधे वापरतात, किंवा घोटा उलट फिरवून गुडघ्याच्या जागी जोडतात. हे रूप विचित्र दिसले, तरी मूल कृत्रिम पायावर धावू शकते.

रोग स्थानिक असल्यास ६० ते ७० टक्के रुग्ण पाच वर्षे वा अधिक जगतात. प्रारंभीच तो पसरलेला असल्यास हे प्रमाण २० ते ३० टक्के असते. फुप्फुसातील मोजक्या गाठी काढून टाकल्याने काही रुग्ण पूर्ण बरे होतात. पुनरुद्भव बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत होतो. त्यानंतरही औषधांच्या हृदय, मूत्रपिंडे व श्रवणशक्ती यांवरील परिणामांसाठी दीर्घकाळ तपासणी करावी लागते.