धावपट्टी मोकळी आहे का?

गैरसमज: सॉफ्ट स्किल्स म्हणजे गोड बोलणं.

प्लेसमेंटच्या तोंडावर इंजिनिअरिंगच्या मुलांना टाय कसा बांधायचा, मुलाखतीत कसं हसायचं हे शिकवतात. त्यातूनच बहुधा ही समजूत रुजते. माणसं आणि यंत्रं एकमेकांत गुंतलेल्या व्यवस्थेत मात्र या कौशल्यांचं काम वेगळं असतं. एकाला दिसलेला धोका निर्णय घेणाऱ्यापर्यंत वेळेत पोहोचायला हवा, आणि तो त्याला पटायलाही हवा.

२७ मार्च १९७७. टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुकं. केएलएमचं जम्बो जेट उड्डाणाच्या तयारीत, आणि पॅन अॅमचं जम्बो त्याच धावपट्टीवर. केएलएमचे कॅप्टन कंपनीतले ज्येष्ठ प्रशिक्षक; सहवैमानिकाची जम्बोची परीक्षा त्यांनीच घेतलेली. परवानगी मिळायच्या आधीच कॅप्टन निघू लागले, तेव्हा सहवैमानिकाने अडवलं. मग टॉवरने उड्डाणानंतरचा मार्ग तेवढा सांगितला. कॅप्टननी विमान उड्डाणासाठी पळवायला सुरुवात केली. या वेळी सहवैमानिकाने अडवलं नाही. रेडिओवर मोघम शब्दांत कळवलं. टॉवरने थांबायला सांगितलं, पण नेमकं त्याच क्षणी पॅन अॅमही बोललं आणि दोन्ही संदेश खरखरीत बुडाले. टॉवर आणि पॅन अॅमचं पुढचं बोलणं ऐकून केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली: ते विमान अजून धावपट्टीवर तर नाही? त्याने विचारलं. कॅप्टननी ठामपणे नाही म्हटलं. ५८३ माणसं गेली. दोन्ही विमानांत यांत्रिक बिघाड नव्हता.

गैरसमज: हा एका हेकट माणसाचा दोष.

तसं असतं तर माणूस बदलून भागलं असतं. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये युनायटेड एअरलाइन्सचं विमान अमेरिकेत पोर्टलंडजवळ कोसळलं. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतले होते. इंधन संपत आल्याचं सहकारी सांगत होते, पण दबकत. दहा जण दगावले. दुरुस्ती झाली ती व्यवस्थेत. ‘टेकऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’, असा दंडक आला. १९७९ मध्ये नासाने कॉकपिटमधल्या अशा समन्वयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडने वैमानिकांसाठी ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ नावाने पुढे रूढ झालेलं प्रशिक्षण सुरू केलं. शंका कशी मांडायची आणि वरिष्ठाने ती कशी घ्यायची, याचा त्यात सराव असतो.

गैरसमज: कनिष्ठाने धीटपणे बोललं की झालं.

चॅलेंजर यानाच्या वेळी इंजिनिअर बोललेच होते. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री यानाची रॉकेटं बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या इंजिनिअरांनी सांगितलं की, सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण नको. थंडीत रॉकेटच्या सांध्यांतली रबरी कडी दगा देतील. पण त्या चर्चेत फक्त कड्यांना इजा झालेल्या उड्डाणांचा विचार झाला. बिनइजेची उड्डाणं शेजारी मांडली की चित्र लख्ख दिसतं: सुमारे १९ अंश किंवा त्याहून जास्त तापमानातल्या २० उड्डाणांत इजा तीनदाच, आणि त्याहून थंड हवेतल्या चारही उड्डाणांत. आकडेमोड बरोबर असणं आणि ती समोरच्याला दिसणं ही दोन निराळी कामं आहेत. तरीही माझ्या मते मोठा दोष ऐकणाऱ्यांचा. एरवी उड्डाण सुरक्षित असल्याचा पुरावा मागायचा रिवाज. त्या रात्री इंजिनिअरांकडे ते असुरक्षित असल्याचा पुरावा मागितला गेला. कंपनीच्या व्यवस्थापनाने शेवटी शिफारस फिरवली. दुसऱ्या दिवशी ७३ व्या सेकंदाला यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले.

गैरसमज: हे उपजत असावं लागतं, शिकवून येत नाही.

जुलै १९८९ मध्ये युनायटेडच्याच एका विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा आकाशात निकामी झाल्या. अशा प्रसंगासाठी ठरलेली कार्यपद्धतीच नव्हती. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक वैमानिक डेनी फिच यांना कॉकपिटमध्ये घेतलं, थ्रॉटल त्यांच्या हाती दिले आणि सगळ्यांनी मिळून विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स पुढे श्रेय देत राहिले ते क्रू रिसोर्स मॅनेजमेंटच्या त्या प्रशिक्षणाला.