धावत्या हृदयाचे मोजमाप

हृदयाच्या इको तपासणीचा अहवाल हाती पडला, की आपल्या व्यापारी घरांत सर्वांची नजर आधी एका आकड्याकडे वळते. तो आकडा म्हणजे ‘इजेक्शन फ्रॅक्शन’. डाव्या जवनिकेतील रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडते, त्याचे प्रमाण. गेल्या वर्षी ६०, यंदा ५५, आणि घरभर चिंता! वस्तुतः एकाच हृदयाची चित्रे दोन निष्णात डॉक्टरांनी मोजली, तरी पाच ते दहा अंकांचे अंतर पडू शकते. तेही रुग्ण स्वस्थ पडलेला असताना.

१९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी धातूतील दोष शोधणाऱ्या ध्वनियंत्राने हृदयाची हालचाल प्रथम टिपली. यंत्रे आता फार पुढे गेली आहेत. परंतु व्यायाम सुरू झाला की जुन्या अडचणी उभ्या राहतातच. श्वास वाढतो, छाती हलते, फुगलेले फुप्फुस आड येते. मिनिटाला ६० ठोके असताना एका ठोक्यास एक सेकंद मिळतो. १८० झाले की त्याचा तिसरा हिस्सा. यंत्र सेकंदाला ६० चित्रे घेत असेल, तर पूर्वी ६० चित्रांवर होणारा निवाडा आता २० चित्रांवर करावा लागतो. ट्रेडमिलवरून उतरल्यावर तर हाती जेमतेम एक-दीड मिनिट असते.

मुलांची छाती पातळ असल्याने चित्र स्वच्छ दिसते. मग त्यांचे मोजमाप अधिक भरवशाचे मानावे काय? येथे हिशेब करून पाहावा. एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडले, हे काढताना महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या मार्गाचा व्यास मोजून त्याचा वर्ग करतात. प्रौढाचा व्यास २० मिलिमीटर धरला आणि मोजणारा एका मिलिमीटरने कमी मोजून बसला, तर उत्तर सुमारे १० टक्क्यांनी घटते. मुलाचा व्यास १२ मिलिमीटर असेल, तर तीच चूक १६ टक्क्यांची होते. शिवाय मुलाचे ठोके अधिक जलद, आणि ते स्थिर राहील याची शाश्वती नाही.

तरीही तपासणी निरुपयोगी ठरत नाही. विश्रांतीच्या व व्यायामाच्या वेळी तोच व्यास धरला, तर व्यासातली चूक दोन्ही पारड्यांत सारखीच पडते. म्हणून रक्तप्रवाह दीडपट झाला की नाही, हे प्रमाण एकट्या आकड्यापेक्षा अधिक विश्वसनीय असते. प्रौढांच्या स्ट्रेस इकोत तर डॉक्टर मुख्यतः हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग श्रमानंतर मंद हलतो का, हेच पाहतात.

आपल्या घरांपुरती एक सूचना. अट्ठाईच्या किंवा चौविहार उपवासाच्या दिवसांत, तातडी नसल्यास, ही तपासणी ठेवू नये. शरीरातील पाणी घटले की हृदयात भरणारे रक्तही घटते आणि मागील अहवालाशी तुलना विस्कटते. पुढची तपासणी शक्यतो त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने करावी. जुनी चित्रे सोबत न्यावीत, आणि चार-पाच अंकांच्या फरकावरून औषध बदलण्यापूर्वी दोन्ही वेळची चित्रे शेजारी ठेवून पाहण्याची विनंती डॉक्टरांना निःसंकोच करावी.