मासे मागाहून, पाणी आधी

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग" ही म्हण आम्ही वर्गात मुलांना किती वेळा समजावून सांगितली असेल त्याची गणती नाही. पण शिकवणे वेगळे आणि शिकणे वेगळे. दोन वर्षांपूर्वी ते बाशिंग आम्ही स्वतःच गुडघ्याला बांधले आणि त्या घाईपायी दहा लहानगे जीव गेले. आठ वर्षांच्या एका मुलाच्या मनाला चटका बसला तो निराळाच. ती चूक कशी घडली आणि गेल्या मोठ्या सुटीत ती कशी निस्तरली, हे आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. काचेच्या टाकीत मासे पाळण्याची हौस आपल्याकडेही अनेकांना असते. त्यांच्या उपयोगी पडावे एवढाच हेतू.

आमची धाकटी बहीण ऑस्ट्रेलियात, सिडनी शहराच्या पश्चिमेस टूनगॅबी येथे राहते. तेथे भारतीयांची वस्ती दाट आहे. संध्याकाळी स्टेशनाबाहेर उभे राहिले तर मराठी, तमिळ, गुजराती, पंजाबी असे सगळे शब्द कानी पडतात आणि आपण परदेशी आहोत हे क्षणभर विसरायला होते. गाव जुने आहे. १७९१ साली इंग्रजांनी कैद्यांकडून येथे सरकारी शेती करवून घेतली. सिडनी आणि पॅरामॅटा यांच्यानंतरची ही त्यांची तिसरी वसाहत. गावाचे नाव मात्र त्याआधीचे, तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतले. पाण्याजवळची जागा किंवा पाण्याचा संगम असा त्याचा अर्थ सांगतात. गावाचा ओढा पुढे पॅरामॅटा नदीला मिळतो. पाण्याच्या नावाच्या या गावात आम्हांस पाण्याचाच धडा मिळायचा होता.

पहिली टाकी

भाच्याचा आठवा वाढदिवस होता. मुंबईला जाऊन आलेल्या वाचकांनी मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे नाव ऐकले असेल. ते १९५१ साली सुरू झाले. तरुणपणी आम्ही ते पाहिले होते, त्याचे वर्णन भाच्याला केले आणि त्याच उत्साहात साठ लिटरची टाकी, पाणी गाळणारे यंत्र, रंगीत खडे आणि दहा मासे, चार गप्पी व सहा निऑन टेट्रा, असे सारे एकाच दुपारी विकत आणले. दुकानदाराने अडविले नाही, आम्हीही विचारले नाही. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा घरातील सर्व मंडळी टाकीसमोर बसली.

तिसऱ्या दिवशी दोन मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. आठव्या दिवशी शेवटचा मासा गेला. नवल असे की पाणी आरशासारखे निर्मळ होते. भाच्याने मोडक्यातोडक्या मराठीत विचारले, "मामा, मी त्यांना मारलं का?" आम्ही उत्तर दिले, "नाही रे, माशांचं आयुष्यच तेवढं असतं." ते उत्तर खरे नव्हते. गप्पी वर्ष दोन वर्षे सहज जगतो. खरे कारण आम्हांस ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही असे म्हणण्याचे धैर्य त्या वेळी झाले नाही. मुलाने ते मान्य केले नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते. टाकी गॅरेजमध्ये गेली. पुढे फोनवर आम्ही कधी विषय काढला की तो शाळेविषयी बोलू लागे.

निर्मळ पाण्यात काय चालते

बेटावर परतल्यावर आम्ही शोध घेतला. गोष्ट साधी निघाली. मासा जे खातो त्यातील टाकाऊ भाग तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनियाच निघतो. नदीत किंवा तळ्यात पाणी अफाट आणि मासे विरळ. टाकीत मात्र मासा स्वतःच्याच विषात कोंडला जातो. अमोनियाला रंग नाही, आणि माशाला मारण्याइतका असला तरी आपल्या नाकाला त्याचा वास येत नाही. म्हणून पाणी निर्मळ दिसते.

निसर्गाने यावर तोड ठेवलेली आहे. एका जातीचे सूक्ष्म जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, ते माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही, रक्त तपकिरी होते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. मग दुसऱ्या जातीचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट बरेच सौम्य असते आणि पाणी अधूनमधून बदलल्याने ते आटोक्यात राहते. हेच काम शेतातील मातीतही चालते. उसाला घातलेल्या अमोनियम सल्फेटचे नायट्रेट करणारे हेच कामकरी. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखविले. गोड्या पाण्याच्या टाकीतील दुसरी पायरी नायट्रोबॅक्टर नव्हे तर मुख्यतः नायट्रोस्पिरा करतात हे १९९८ साली दिसून आले, आणि दोन्ही पायऱ्या एकट्याने चढणारा नायट्रोस्पिराही असतो हे २०१५ साली कळले.

नव्या टाकीत हे जीवाणू जवळजवळ नसतातच. ते पाण्यात फारसे तरंगत नाहीत. गाळणीच्या स्पंजावर, खड्यांवर, काचेवर चिकटून वसाहत करतात, आणि त्यांची वाढ फार सावकाश होते. ती वसाहत पुरेशी होईपर्यंत चार ते सहा आठवडे लागतात. इंग्रजीत याला टाकीचे सायकलिंग म्हणतात. आपण टाकी मुरविणे म्हणू. लोणचे मुरल्याशिवाय बरणी उघडायची नसते हे घराघरांत ठाऊक आहे. आम्ही बरणी भरल्याच दिवशी उघडली होती.

नळाच्या पाण्याची अडचण

आणखी एक चूक झाली होती. सिडनीचे बहुतेक पाणी वॉरागॅम्बा धरणातून येते आणि टूनगॅबीपासून जवळच असलेल्या प्रॉस्पेक्ट येथे १९९६ पासून गाळले जाते. जंतुनाशासाठी शहराच्या बऱ्याच भागात नुसता क्लोरीन न वापरता क्लोरीन आणि अमोनिया यांच्या संयोगाने होणारे क्लोरामाइन वापरतात. लहानपणी वडील बादलीभर पाणी रात्रभर उघडे ठेवीत आणि सकाळी माशांच्या हौदात ओतीत; आम्हीही तसेच केले. क्लोरीन अशा रीतीने उडून जातो, क्लोरामाइन मात्र रात्रभरात जात नाही. माशांना ते मारक आणि जीवाणूंनाही मारक. त्यासाठी पाणी शुद्ध करणारे औषध मत्स्यसामानाच्या दुकानात मिळते, ते दर वेळी घातलेच पाहिजे. आपल्या नळाच्या पाण्यात काय घालतात याची चौकशी प्रत्येकाने आपापल्या गावी करावी.

दुसरी टाकी

या वेळी टूनगॅबीला पोहोचल्यावर पहिल्याच रात्री आम्ही भाच्याला समोर बसवून सांगितले, "तुझे मासे तुझ्यामुळे मेले नाहीत. मामाने घाई केली म्हणून मेले. त्या वेळी मामाला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे मामाने सांगितलं नाही." तो आता दहा वर्षांचा झाला आहे. बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मग आता माहीत आहे का?" दुसऱ्या दिवशी टाकी गॅरेजमधून बाहेर आली.

टाकी धुऊन भरली, औषध घातले, गाळणी चालू केली ती रात्रंदिवस, कारण या जीवाणूंना प्राणवायू लागतो. पाणी २६ अंशांच्या आसपास ठेवले. मासे एकही नाही. मग जीवाणूंना खायला काय? चिमूटभर माशांचे अन्न टाकून कुजू देता येते, पण त्याचे माप राहत नाही. आम्ही अमोनियम क्लोराइडचे द्रावण आणून लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया होईल इतकेच घातले. ऑस्ट्रेलियात घर पुसण्यासाठी जो ढगाळ अमोनिया विकतात तो मात्र घेऊ नये. त्यात साबण असतो.

अध्यापक प्रशिक्षणात आम्हांस शिकविले होते की मुलाला उत्तर देऊ नका, वही द्या. भाच्याला वही दिली आणि चार रकाने आखून दिले: तारीख, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. थेंब टाकून रंग पाहण्याच्या संचात अमोनिया असेल तर पाणी हिरवे होते, नसेल तर पिवळे. नायट्राइट असेल तर जांभळे, नसेल तर आकाशी. रोज संध्याकाळी तपासणी. पहिले आठ दिवस वहीत तोच आकडा. मेहुणे हसून म्हणत, "आज पाण्याने काय खाल्लं?" अकराव्या दिवशी अमोनियाचा हिरवा फिका झाला आणि आकाशी नळीत प्रथमच जांभळी छटा आली. विष दिसले म्हणून टाळ्या वाजविणारे घर आम्ही पहिल्यांदाच पाहिले.

शेजारच्या गल्लीतील एका तमिळ गृहस्थांनी आपल्या जुन्या टाकीतील स्पंजाचा तुकडा देऊ केला. ही उत्तम युक्ती आहे. दुधाला विरजण लावावे तसे जुन्या गाळणीचे चार इंच नव्या टाकीचे काम कितीतरी लवकर करतात. परंतु त्यांच्या माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. विरजण नासके असेल तर दूधही हातचे जाते, म्हणून आभार मानून आम्ही ते घेतले नाही.

अमोनिया खाली गेला की पुन्हा तेवढाच घालायचा, असे तीनदा केले. तिसऱ्या आठवड्यात नायट्राइटची नळी गडद जांभळी झाली आणि तशीच राहिली. चोविसाव्या दिवशी अमोनियाही उतरेनासा झाला. भाच्याने वही मिटून ठेवली. "पुन्हा बिघडलं ना?" त्याचा तो स्वर ऐकून आमच्या पोटात गोळा आला. रात्री बसून विचार केला. हे जीवाणू काम करताना पाण्यातील क्षार खातात. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पालटण्यात सुमारे सात मिलिग्रॅम चुनखडीइतकी क्षारता खर्ची पडते. सिडनीचे पाणी मऊ, त्यात ती शिल्लक थोडी. पीएच मोजला तर साडेसहाच्याही खाली गेलेला. इतक्या आंबट पाण्यात जीवाणू हात आखडतात. अर्धे पाणी बदलले, औषध घातले आणि बहिणीच्या स्वयंपाकघरातील खाण्याचा सोडा अर्धा चमचा विरघळवून घातला. मासे नसल्यामुळे हे निर्धास्तपणे करता आले. मासे असते तर पीएच एकदम वाढविणे धोक्याचे ठरले असते: पीएच सातवरून आठवर गेला की अमोनियाचा जो विषारी भाग असतो तो सुमारे दसपट होतो. तीन दिवसांनी नळीचा रंग पुन्हा उतरू लागला आणि वही पुन्हा उघडली.

शून्य, शून्य

आमची परतीची तारीख जवळ आली. चौतिसाव्या दिवशी निघालो तेव्हा अमोनिया शून्यावर होता, पण नायट्राइट अजून थोडे होते. दुकान वाटेवरच होते. "सहा मासे आजच घेऊ या का, तुला बघायला मिळतील," असे बहीण म्हणाली. आमच्या मनातही तेच होते, हे कबूल करतो. भाचा म्हणाला, "मामा, अजून शून्य नाही." आम्ही टाकीतील पाण्याला नमस्कार करून विमानतळावर गेलो.

अडतिसाव्या दिवशी फोन आला. आदल्या संध्याकाळी घातलेला दोन मिलिग्रॅम अमोनिया चोवीस तासांत संपला होता. "अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य," त्याने वहीतून वाचून दाखविले, "नायट्रेट खूप आहे, म्हणून उद्या बरंच पाणी बदलणार." त्यानंतर त्याने सहाच मासे आणले, पॅसिफिक ब्लू-आय नावाचे, ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील ओढ्यांतलेच. थोडे मासे आधी, बाकीचे काही आठवड्यांनी, म्हणजे जीवाणूंनाही आपले कुटुंब वाढविण्यास अवधी मिळतो.

पुढील काळजी थोडक्यात. दर आठवड्यास सुमारे चौथाई पाणी बदलावे. गाळणीचा स्पंज नळाखाली कधी धुऊ नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नाही तर महिनाभराची मिळकत एका मिनिटात मोरीत जाते. हौस फिटली म्हणून मासे ओढ्यात सोडू नयेत. न्यू साउथ वेल्स राज्यात तो गुन्हा आहे, आणि १९२५ साली डासांवर उपाय म्हणून ऑस्ट्रेलियात आणलेल्या गंबुसिया माशाने देशी माशांचे किती नुकसान केले हे तेथील लोक विसरलेले नाहीत.

वाचकहो, आपल्या घरी कोणाचा वाढदिवस असेल आणि मासे द्यावे असे मनात असेल, तर त्या दिवशी टाकी द्या, तपासणीचा संच द्या आणि एक कोरी वही द्या. मासे महिन्याने द्या. मूल महिनाभर थांबेल का, अशी शंका येईल. मूल थांबते, धीर सुटतो तो मोठ्या माणसांचा, हे आम्ही आमच्यावरून सांगतो. काल भाच्याने त्या वहीच्या शेवटच्या पानाचे छायाचित्र पाठविले. रकान्यांखाली त्याने मराठीत, शुद्धलेखनाच्या दोन चुकांसह, लिहिले आहे: सहा मासे, तीस दिवस, सगळे जीवंत आहे. त्या चुका आम्ही सुधारल्या नाहीत.