एका लॅपटॉपवर तीन कंपायलर? हॅस्केलचा ‘स्टॅक’ ते कसं सांभाळतो

फोनवर ॲप अपडेट केलं की जुनं व्हर्जन गेलं. ते कुठे गेलं हे आपण विचारतही नाही. कंपायलरच्या बाबतीत मात्र हीच सवय नडते.

मागे कॉलेजमधल्या एका ज्युनिअरचा रात्री साडेदहाला फोन आला. “दादा, तुझा प्रोजेक्ट माझ्याकडे बिल्डच होत नाहीये. परवा डेमो आहे!” प्रोजेक्ट माझाच, २०२२ मध्ये हॅस्केलमध्ये लिहिलेला. पठ्ठ्याने आधी सगळ्यात नवीन जीएचसी टाकला, एरर आले. तो काढून जुना टाकला, तर वेगळेच एरर. हे सगळं मोबाइल हॉटस्पॉटवर. दिवसाचा डेटा संपला तेव्हा त्याला माझी आठवण झाली.

जीएचसी म्हणजे ग्लासगो हॅस्केल कंपायलर. हॅस्केल लिहिणारे जवळपास सगळे हाच वापरतात. गंमत अशी की प्रत्येक जीएचसीसोबत ‘बेस’ नावाच्या लायब्ररीचं ठरावीक व्हर्जन येतं. ८.१०.७ बरोबर बेस ४.१४, तर ९.४.८ बरोबर ४.१७. बाकीची पॅकेजेस आपल्याला कुठला बेस चालतो हे आधीच सांगून ठेवतात, त्यामुळे कंपायलर बदलला की पॅकेजेसची अख्खी साखळी हलते. त्यात ९.० पासून टाइप तपासण्याचा एक नियम कडक झाला, म्हणून आधी निमूट कंपाइल होणारा काही कोड पुढे अडायला लागला. शिवाय एका जीएचसीने बनवलेली लायब्ररी दुसऱ्या व्हर्जनला चालत नाही. थोडक्यात, ‘माझ्या लॅपटॉपसाठी योग्य जीएचसी कुठला?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. योग्य जीएचसी प्रोजेक्टचा असतो, लॅपटॉपचा नाही.

२०१५ मध्ये आलेल्या स्टॅक या बिल्ड टूलने नेमकं हेच धरलं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘स्टॅक डॉट यामल’ नावाची फाइल असते आणि तिच्यात एका स्नॅपशॉटचं नाव. स्नॅपशॉट म्हणजे एकमेकांसोबत बिल्ड करून पाहिलेल्या पॅकेजेसचा संच, आणि त्याच्यासाठी जीएचसीही ठरलेला असतो. एलटीएस १८.२८ लिहिलं की जीएचसी ८.१०.७. एलटीएस २१.२५ लिहिलं की ९.४.८. तुम्ही ‘स्टॅक बिल्ड’ म्हटलं की स्टॅक ती ओळ वाचतो, हवा तो कंपायलर नसेल तर उतरवतो, स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि कामाला लागतो. आधीच्या कंपायलरला हातही लावत नाही. दुसऱ्या प्रोजेक्टला दुसरं व्हर्जन लागलं तर तेही शेजारी येऊन बसतं.

माझ्या प्रोजेक्टमध्ये ही फाइल होती. पण रीडमीमध्ये स्टॅकचा उल्लेखच नव्हता, म्हणून त्या बिचाऱ्याने जीएचसी थेट चालवला. तो दोष माझा.

मग त्याने स्टॅक टाकला, शेजारच्या रूमचं वायफाय मिळवलं आणि पाच मिनिटांत पुन्हा फोन. “दादा, व्हर्जन तर अजून नवीनच दाखवतंय!” इथे बरेच जण फसतात. टर्मिनलमध्ये नुसतं ‘जीएचसी’ लिहिलं की सिस्टिमच्या पाथवर जो सापडेल तो चालतो, आणि स्टॅक आपले कंपायलर त्या पाथवर टाकतच नाही. प्रोजेक्टचा जीएचसी हवा असेल तर ‘स्टॅक एक्झेक’ लिहून पुढे जीएचसी म्हणायचं. तेही प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये उभं राहून, कारण बाहेर गेलात की स्टॅक त्याच्या ग्लोबल प्रोजेक्टचं व्हर्जन धरतो.

आता याची किंमत. एक जीएचसी डिस्कवर उघडला की एक जीबीच्या पुढे जातो. असे चार झाले की कमी स्टोरेजच्या लॅपटॉपला घाम फुटतो. ‘स्टॅक पाथ’ ही कमांड हे कंपायलर कुठे ठेवलेत ते सांगते. नको असलेल्या व्हर्जनचं फोल्डर आणि त्याच नावाची, शेवटी ‘इन्स्टॉल्ड’ असलेली छोटी फाइल हातानेच उडवायची. ‘स्टॅक अनइन्स्टॉल’ नावाची कमांड आहे, पण ती काहीच काढत नाही, फक्त कसं काढायचं ते सांगते! मी पहिल्यांदा ती चालवून निवांत झोपलो होतो.

एडिटरमध्ये हॅस्केल लँग्वेज सर्व्हर वापरत असाल तर तोही प्रोजेक्टच्याच जीएचसी व्हर्जनसाठी बनवलेला लागतो. तिथे जीएचसीअप हे दुसरं टूल कामाला येतं. स्टॅकला कंपायलर जीएचसीअपकडून घ्यायला लावता येतं, म्हणजे एकच व्हर्जन दोनदा डिस्कवर बसत नाही.

ज्युनिअरचा पहिला बिल्ड बराच वेळ चालला, कारण सगळी पॅकेजेस नव्याने कंपाइल झाली. साडेबाराला स्क्रीनशॉट आला. मी तेव्हा रीडमीमध्ये दोन ओळी लिहीत होतो.